तीट लावायच्या जागा

आधी कपाळाच्या कडेला

एक फोड उठला. हरभऱ्याच्या डाळीएवढा, भोवतीनं लाल, मध्ये काळपट. बाळ सकाळपासून किरकिरत होतं म्हणून विमलानं टोपडं काढून बघितलं, तर हा. तिला वाटलं डास चावला असेल. आषाढ लागलेला, पाऊस दिवसभर कौलांवर बडवत होता, भिंतींना ओल धरली होती आणि गोठा माजघराला चिकटून. डासांना काय कमी? तिनं फोडावर खोबरेल लावलं आणि विसरून गेली.

मग गालावर दुसरा.

मग उजव्या तळपायाच्या मधोमध तिसरा.

तळपायावरचा विमलानं दोनदा बघितला. दुपट्यात गुंडाळलेला पाय तो. दुपटं सोडायचं, पाय बाहेर काढायचा, काम करून बाजूला व्हायचं, एवढं डासाला कुठलं सुचायला? हे माणसाचं काम. आणि रस्त्यानं जाणारं माणूस काही माजघरात येत नाही. घरातलंच कोणीतरी.

तिनं बाळाला छातीशी धरलं आणि दाराकडे पाठ न करता बसली.

घरात माणसं होती तरी

किती! विमलाचा नवरा जोतीराम. तो उजाडायला ओढ्याकाठच्या रानात जाई तो दिवेलागणीला चिखल घेऊन परत येई. भाताची लावण सुरू झालेली, पाऊस आहे तोवर चिखलणी उरकायची, त्याला बाळाकडे बघायला सवड कुठली? सासू बयाबाई. तिला कानानं कमी, डोळ्यानं त्याहून कमी; दोन्ही गुडघे धरून ती चुलीपुढं बसलेली असे. थोरली लेक लीला, चार वर्षांची, परकराच्या नाडीशी सदा भांडत असलेली. पाळण्यातला धाकटा. त्याला आजोबाचं हंबीरराव हे नाव ठेवलं होतं; पण एवढ्याशा जिवाला हंबीरराव म्हणायला कुणाची जीभ धजेना, म्हणून बंडू.

आणि आक्का.

आक्का जोतीरामाची थोरली बहीण. कबनूरला दिलेली. नवरा तिकडं यंत्रमागावर कामाला होता. तो छातीच्या दुखण्यानं गेला, आणि वर्ष सरायच्या आत दिरानं खोलीला दुसरं कुलूप लावलं. लेक शिरोळकडं नांदत होती, पण जावयाच्या दारात किती दिवस बसणार? आक्का एक पत्र्याची ट्रंक घेऊन गारगोटीच्या एस.टी.नं फाट्यावर उतरली आणि चिखल तुडवत घरी आली. विमलाचे त्या वेळी दिवस भरत आलेले. आक्कानं ट्रंक ओसरीवर ठेवली, पदर खोचला आणि म्हणाली, "सर बाजूला. भाकरी मी थापतो."

तेव्हापासून भाकरी तीच थापत होती. शेण तीच काढत होती, लीलाची वेणी तीच घालत होती, तिला आंघोळ तीच घालत होती, आणि विमलाच्या जागी लावणीला चिखलात तीच उतरत होती. कधी तोंडानं दुखतंय म्हणाली नाही.

एवढं सगळं कोण उगाच करतं? विमलाला हा प्रश्न बाळंतिणीच्या खाटेवर पडल्या पडल्या सुचला, आणि एकदा सुचल्यावर तो काही उठून जाईना.

आक्काचा हात

विमलानं भर बारशात धरला होता. पाळण्याभोवती वाडीतल्या बायका जमलेल्या. बाळाला नवं झबलं घातलं होतं. आक्का लीलाला कडेवर घेऊन आली, काजळाच्या डबीत बोट बुडवलं आणि तीट लावायला वाकली. गालाला बोट टेकायच्या आत विमलानं तिचं मनगट पकडलं.

"आक्का, तुमचा हात नगं."

हळू म्हणाली होती. पण बायका नेमक्या त्याच वेळी गप्प झाल्या होत्या.

आक्काचं कपाळ मोकळं होतं. तिनं ते कपाळ एकदा पुसल्यासारखं केलं, काजळाचं बोट स्वतःच्या लुगड्याला पुसलं आणि म्हणाली, "व्हय की. माझ्या ध्येनातच ऱ्हाईलं न्हाय बघ." मग कडेवरच्या लीलाला म्हणाली, "तू लाव जा. तुझा हात चालतो. ल्हान पोरींचा हात चांगला असतो."

लीलानं लावली. गालभर लावली. बायका हसल्या, विमलाही हसली आणि पदरानं जास्तीचं पुसून काढलं.

दुसऱ्या दिवशी विमलानं काजळाची डबी कोनाड्यातून काढून आपल्या ट्रंकेत ठेवली. किल्ली कमरेला. बाळगुटीची सहाणही तिनं खाटेखाली ओढून घेतली. सांगायला कारण होतं: लीला काजळ फासते. खरं कारण सांगायचं नव्हतं.

तेव्हापासून तीट विमला आपल्या हातानं लावी, ती बाळाच्या आंघोळीनंतर एकदाच. मग दिवसभर बाळ कितीही रडलं तरी ट्रंक उघडत नसे. चुलीपुढून बयाबाई ओरडायची, "दिष्ट लागली असंल गं पोराला! काय तरी लाव की!" आणि विमला म्हणायची, "लावलंय सकाळीच, आत्ती."

लीला जेवेना

आपल्या हातानं. आधी खात होती. गपागपा खात होती, सांडत होती, पण खात होती. आता ताटलीपुढं मुठी आवळून बसायची.

"भरव."

"हाताला काय झालंय तुझ्या?"

"भरव की."

"चार वर्साची घोडी झालीस. बाळ आलं म्हणून तान्हं व्हायचंय व्हय तुला? उद्या पाळण्यात निजशील!"

चिमणाबाई, शेजारची, बाळाला न्हाऊ-माखू घालायला यायची. तिनं सांगितलं होतं की धाकटं झालं की थोरलं असं करतंच. तिच्या सुनेचा मुलगा तर पुन्हा अंथरूण भिजवायला लागला होता. "ध्यान दिऊ नगंस. पोटात कावळं वरडलं की खाईल आपुन."

विमलानं ध्यान दिलं नाही. लीला तशीच बसून राहिली. आमटीभात गार झाला. मांडीवर बाळ रडत होतं, भाताला माशा बसत होत्या आणि ही पोरगी मुठी आवळून बसलेली. विमलानं तिचा उजवा हात ओढला आणि भातात दाबला.

लीला किंचाळली. आमटीत तिखट होतं. पण विमलाला तो हट्ट वाटला. तिनं पाठीत एक धपाटा घातला. लीला उठून पळाली ती गोठ्यात.

थोड्या वेळानं विमला बाळाला झोपवून मागच्या दारी गेली, तर गोठ्यात आक्का उकिडवी बसलेली. एका हातात ताटली, समोर लीला. आक्का तिला भरवत होती. भाताचा घास, त्यावर दूध. मग आक्कानं लीलाचा हात हातात घेतला, काहीतरी पुटपुटली आणि बोटांवर फुंकर घातली.

विमला दाराआड उभी राहिली. तिला शब्द ऐकू आले नाहीत. ओठ हलताना दिसले. आणि फुंकर.

मी मारायचं आणि हिनं भरवायचं, ती मनात म्हणाली. पोरं अशीच फितवतात. एक फितवून झाली. राहिला दुसरा.

त्याच गोठ्यात, गव्हाणीच्या वर, भिंतीच्या कोनाड्यात एक दाभण होतं आणि दाभणाला टोचलेला एक बिब्बा. चिखलानं आक्काच्या पायाच्या बेचक्या कुजल्या होत्या, टाचांना भेगा पडल्या होत्या. संध्याकाळी ती बिब्बा चिमणीवर धरायची आणि सुटलेलं काळं तेल भेगेत सोडायची. दात आवळायची. लीला समोर बसून बघायची. हे सगळ्यांना माहीत होतं. विमलालाही माहीत होतं. पण माहीत असणं आणि आठवणं यात अजून एक फोड शिल्लक होता.

चौथा फोड

कानामागं निघाला आणि फुटला. त्यातलं पाणी जिथं लागलं तिथं बारीक पुरळ उठलं. बाळ अंगावर पिईना. चिमणाबाईनं त्याला मांडीवर उपडं घेतलं, दाराच्या उजेडात नेलं, आणि तिचा हात थांबला.

"विमल, ह्यो डास न्हवं."

"मग?"

"बिब्बा उतलाय ह्यो."

विमलानं वाकून कानामागं बघितलं.

"खोबरं आण. चावून लावू दे. आणि वैद्याकडं जाऊ दे जोतीरामाला, मलम घिऊन यील." चिमणाबाई खोबरं चावता चावता एकेक फोड बघत गेली. कपाळाची कड. गाल. कानाच्या मागं. तळपाय. चावायची थांबली. "आणि बगितलंस का गं? कुठं कुठं लावलाय?"

"कुठं?"

"तीट लावायच्या जागी. समद्या बरोबर तीट लावायच्या जागी."

विमलानं मनात एकेक जागा मोजली. दिष्ट लागू नये म्हणून जिथं काळं लावायचं, नेमकं तिथंच जाळायचं. हे रागाच्या भरात केलेलं काम नव्हे. हे बसून ठरवलेलं काम. ज्याचा हात बारशात धरला होता, त्या माणसानं ठरवलेलं.

"कुणाचं नाव घिऊ नगंस लगीच," चिमणाबाई म्हणाली. आणि तिनंही गोठ्याकडे बघितलं.

विचारायचं कुणाला? पोरीला.

"लीला, हिकडं ये. बस. बाळाला बाऊ झालाय न्हवं?"

"व्हय."

"कुणी केला गं?"

"..."

"सांग की. खाऊ दीन. कुणी काळं लावलं बाळाला?"

"..."

"आक्कानं लावलं?"

"..."

"मी मारणार न्हाय. आक्कानं लावलं न्हवं?"

"व्हय."

"गोठ्यातलं काळं?"

"व्हय."

"आई न्हाणीत गेली, का परसाकडं गेली, की लावायची. व्हय न्हवं?"

"व्हय. खाऊ दे."

विमलानं गुळाचा खडा दिला. लीलानं तो डाव्या हातानं घेतला. उजवा का पुढं केला नाही, हे विमलाच्या डोळ्यांत शिरलंच नाही. तिला हवं ते मिळालं होतं.

आक्का लावणीवरनं आली

तेव्हा ओसरीवर सगळी बसली होती. जोतीराम मलमाची डबी घेऊन आलेला. बयाबाईला चुलीपासून उठवून बाहेर आणलेलं. चिमणाबाई खांबाला टेकून. विमला मधोमध, बाळ मांडीवर.

आक्कानं इरलं उतरवून भिंतीला टेकवलं. गुडघ्यापर्यंत चिखल, लुगड्याचा काष्टा ओला. पाय फाकून टाकत ती पायरीशी आली.

"काय गं, समदी बसलाईसा? चा टाकलाय का न्हाय कुणी?"

जोतीरामानं मलमाची डबी खाली ठेवली.

"आक्का," विमला म्हणाली, "बाळाला बिब्बा कुणी लावला?"

"बिब्बा? तान्ह्या पोराला बिब्बा कोण लावंल? खुळी का काय तू!"

"गोठ्यात कोनाड्यात कुणाचा हाय?"

"माझा हाय की. टाचंला लावतो मी."

"टाचंलाच लावता न्हवं?"

पाऊस कौलावरून धारेनं पडत होता. आक्का त्या धारेखाली पाय धूत होती. ती तशीच वाकलेली थांबली. मग सरळ झाली आणि भावाकडं बघितलं.

"जोत्या. ऐकलास का?"

जोतीराम काडीनं नखातला चिखल काढत होता. "मी काय ऐकू? पोरगी सांगती."

"कंची पोरगी?"

"कंची म्हंजे? लीला."

आक्का पायरीवर बसली. ओल्या लुगड्यानं, तशीच. बयाबाईला जोरानं ओरडून सगळं सांगावं लागलं. ती मान हलवत राहिली. "माझी लेक असं करायची न्हाय," ती म्हणाली. आणि जरा वेळानं, कोणी विचारलेलं नसताना, "पर दुःखानं माणसाचं मन कुठं फिरंल, कुणाला ठावं."

ते मात्र आक्काला लागलं. विमलाच्या बोलण्यानं ती वाकली नव्हती. आईच्या बोलण्यानं तिचे खांदे खाली आले.

"बरं," ती म्हणाली. "मी जातो. कबनूरला सुताच्या कांड्या भरल्या तरी पोट भरंल. माग हाईत तिथं घरोघर. पर जाताना एक इचारतो, आणि ह्या बाईला इचारतो. पोरीची बोटं कशापायी भाजलीस गं?"

विमला बघत राहिली. "कुठली बोटं?"

"कुठली बोटं म्हणती! उलथनं तापवून चटका दिलास न्हवं? बाळापाशी जाती म्हणून? तुझं नाव काढलं की पोरगी मुठी झाकती. इचारलं तर म्हणती, आई मारंल. मीठ-तिखट झोंबतंय तिला, म्हणून मी भरवतो. रोज त्याल लावतो बोटांस्नी. म्हंटलं, दुसऱ्याच्या घरात आपुन बोलू नये. आणि तू मला बिब्बा इचारतीस?"

दुसऱ्याच्या घरात. ज्या ओसरीवर ती रांगली होती त्या ओसरीबद्दल ती बोलत होती.

"मी न्हाय भाजली," विमला म्हणाली. तिचा आवाज तिलाच खोटा वाटला.

लीला दारात उभी होती

आणि तिच्या मुठी आवळलेल्या होत्या. जोतीरामानं तिला ओढून पुढं घेतली. डावी मूठ सहज उघडली. उजवी उघडेना. त्यानं एकेक बोट सोडवलं.

अंगठा आणि अंगठ्याशेजारचं बोट. दोन्हींची टोकं काळी पडलेली, कातडी सोलून निघालेली, आत कच्चं लाल. वर तेल चोपडलेलं.

विमला ते बघत बसली. ही बोटं किती दिवस अशी आहेत? याच हाताला धरून तिनं आमटीत दाबलं होतं. तिनं तो आपला हात बाळाच्या दुपट्याखाली घेतला.

चिमणाबाई वाकली. "चटका न्हवं ह्यो. ह्यो बी बिब्बाच."

दोघींना एकाच वेळी एकच सुचलं. विमलाला वाटलं, हिनं माझी पोरगीही सोडली नाही. आक्काला वाटलं, मला घालवायला हिनं स्वतःची पोरंही सोडली नाहीत. दोघी एकदम लीलाकडं वळल्या.

"आईनं लावलं गं?" आक्कानं विचारलं.

"व्हय," लीला म्हणाली.

"आक्कानं न्हवं?" विमला.

"व्हय."

"आगं, नीट सांग! आईनं का आक्कानं?"

"व्हय."

जोतीरामानं काडी फेकून दिली. दिवसभर बैलांमागं चिखलात चाललेला माणूस. त्याचा आवाज चढला. "आजीनं लावलं का?"

"व्हय."

"मी लावलं का?"

"व्हय."

"म्हशीनं लावलं?"

लीलानं जरा विचार केला. सगळी मोठी माणसं तिच्याकडं बघत होती, आणि सगळ्यांना काहीतरी हवं होतं. "व्हय," ती म्हणाली. "शिंगानं."

चिमणाबाईनं तोंडाला पदर लावला. मग तोही काढला. कोणी हसलं नाही.

विमलानं बाळ सासूच्या मांडीवर दिलं

आणि स्वयंपाकघरात गेली. परत आली ती लाटण्याला फडकं गुंडाळून. लीलाच्या पुढ्यात फतकल मारून बसली. काहीही विचारायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. विचारून जे मिळतं ते तिनं बघितलं होतं.

"लीला, ह्ये बघ. ह्ये बाळ लई रडालंय."

लीलानं लाटण्याकडं संशयानं बघितलं. मग आपल्या बापाकडं. मग पुन्हा लाटण्याकडं.

"का?"

"काय ठावं. मला कळंना झालंय."

"निजव."

"निजंना."

"पाज."

"पिईना."

लीलानं मोठ्या बाईसारखा सुस्कारा टाकला. "मग दिष्ट लागली असंल त्येला." तिनं लाटणं डाव्या बगलेत मारलं आणि उठली. "गप हं बाळा. गप, गप. तीट लावतो हं."

ती गोठ्यात गेली. विमला मागोमाग गेली. तिच्या मागून जोतीराम, चिमणाबाई आणि सगळ्यांत शेवटी, पाय ओढत, आक्का. म्हैस बाजूला सरली. लीलानं लाटणं गवतावर ठेवलं, गव्हाणीवर एक पाय दिला, दुसरा दिला, भिंतीला पोट चिकटवून हात वर केला, आणि कोनाड्यातलं दाभण बिब्ब्यासकट बाहेर ओढलं. खाली उतरली. बिब्बा दोन बोटांत धरून दाबला. भोकातून काळं चकचकीत वर आलं, काजळापेक्षाही काळं.

"उलीसं दुकतंय," ती लाटण्याला समजावून सांगत होती, "पर दिष्ट निघती."

ती वाकणार तोच विमलानं तिचं मनगट धरलं.

लीलानं वर बघितलं. हिसका दिला. तिला राग आला होता, आणि तो अगदी खरा राग होता.

"सोड की! आक्काचा हात नगं म्हंटलीस. माझा हात चालतो!"

गोठ्यात म्हैस रवंथ करत होती. बाहेर पाणी पडत होतं. ओसरीवरून बयाबाई ओरडून विचारत होती, "काय झालं गं? कुणी लावलं? आगं सांगा की कुणीतरी मला!"

जोतीरामानं दाभण घेतलं आणि उकिरड्यावर लांब भिरकावलं. विमलानं मनगट सोडलं नव्हतं. आक्का पुढं आली. तिनं खाली बसून पदराच्या टोकानं लीलाच्या बोटावरचं काळं टिपून घेतलं, पसरू न देता, कडेकडेनं. मग लाटणं उचललं, वरचं फडकं काढलं, झटकलं आणि विमलापुढं धरलं.

"धर," ती म्हणाली. "चपातीला लागंल."

लावण उरकेपर्यंत

आक्का राहिली. कोणी राहा म्हटलं म्हणून नाही. रोप उपटून ठेवलं होतं आणि ते वाळलं असतं म्हणून. जोतीरामानं दोनदा विषय काढला आणि दोन्ही वेळा पावसावर नेला. बयाबाई लेकीचा हात धरून बसायची. विमला एकदा चुलीत जाळ घालता घालता म्हणाली, "ऱ्हावा की आक्का," आणि धूर डोळ्यांत गेला म्हणून डोळे पुसले. आक्का म्हणाली, "बगू." ट्रंक मात्र भरलेलीच होती.

ती पूर्वीसारखीच वागत होती, हेच विमलाला सोसेना. शेण काढत होती, भाकरी थापत होती, लीलाला भरवत होती. भांडली असती तर बरं झालं असतं. न भांडणाऱ्या माणसाच्या मनात काय आहे ते कसं कळायचं? विमला रात्री बाळाचं दुपटं चाचपून बघे. स्वतःची लाज वाटे, आणि तरी चाचपे. फोड वाळत होते. गालावरचा डाग जाईल, कानामागचा राहील असं चिमणाबाई म्हणाली. लीलाची बोटं त्यापेक्षा सावकाश भरत होती.

ज्या दिवशी शेवटचं वावर हिरवं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळी फाट्यावर गेली. जोतीरामाच्या डोक्यावर ट्रंक. विमलाच्या खांद्यावर बाळ, वर गोणपाटाची खोळ. लीलानं आक्काचा पदर धरलेला, तो घरापासून सोडला नव्हता. पाऊस थांबला होता, पण झाडं अजून गळत होती.

"मी बी येणार," लीला म्हणत होती. "मी बी. मी बी."

एस.टी. वळणावर दिसली. आक्का खाली बघत म्हणाली, "विमल, पोरीला धाडतीस का संगं? बोटं बरी हुईपातूर. तिथं माग चालत्यात, खडाखडा वाजत्यात, गंमत वाटंल तिला. जोत्या यील न्ह्यायला."

विमलाच्या तोंडात होकार तयार होता. खरोखर होता. एवढं तरी करायला मिळतंय म्हणून तिला आत कुठंतरी सुटल्यासारखं झालं. पण होकाराच्या आधी मागाचे पट्टे आले. मागातला धावता धोटा आला. एवढीशी बोटं आली. मग आलं: ही का मागतेय पोरगी? नेमकी आत्ता का? आणि परत नाही पाठवली तर? एका श्वासाचं काम. तेवढ्यात विमलाचा हात तिला न विचारता पुढं गेला आणि लीलाच्या खांद्यावर बसला.

आक्कानं तो हात बघितला.

गाडी थांबली. कंडक्टरनं दार उघडलं, ट्रंक आत ओढून घेतली. आक्कानं पदर सोडवायला सुरुवात केली. दुखरी दोन बोटं वाचवत तिनं लीलाची बाकीची तीन सोडवली, मग ती दोन आपोआप सुटली.

"नगं," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे. मागनं बगू."

ती चढली. खिडकीपाशी बसली. लीलानं भोकाड पसरलं, बाळही रडायला लागलं. विमला खिडकीखाली गेली, लीलाला ढकलत, ओढत.

"न्या की आक्का!" ती ओरडली. "न्या की हिला! मी कुठं न्हाय म्हंटलं? न्या!"

सगळी गाडी बाहेर बघायला लागली. आक्का खिडकीतून बघत होती, विमलाच्या तोंडाकडं नाही, त्याच्या खाली. कंडक्टर दारात एक पाय बाहेर टाकून उभा होता, घंटीच्या दोरीला हात घालून. त्यानं पोरीकडं बघितलं, पोरीच्या खांद्यावर रुतलेल्या पाच बोटांकडं बघितलं.

"ओ बाई," तो म्हणाला, "न्या न्या म्हंटालाय, पर आधी तुमी सोडशिला तवा नेतील न्हवं?"

तो थोडा थांबला. मग त्यानं दोरी दोनदा ओढली.